मूठभर जास्त

मुलीने मला एक फळी दिली. हातभर लांब, वीतभर खोल, आणि सामान खाली पडू नये म्हणून पुढे एक आडवी पट्टी लावलेली. “आई, ही तुझी. हिच्यावर मावेल तेवढं घे, बाकी सगळं घरी राहू दे,” असे म्हणून ती दुसऱ्या कामाला लागली. जिने चाळीस वर्षे संसार केला, जिच्या घरात अजून कोठीची खोली आहे, तिला हातभर फळी! मला आधी हसू आले. मग, खरे सांगायचे तर, थोडा रागही आला.

ही गोष्ट २०२२ सालच्या ऑक्टोबरातली. मी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेले होते. दिवाळीच्या सुमारास तिने आणि जावयांनी दहा दिवसांची रजा काढली आणि एक फिरते घर भाड्याने घेतले. तिकडे त्याला ‘आरव्ही’ म्हणतात. बाहेरून पाहावे तर मोठी मोटारगाडी. आत शिरावे तर निजायला बिछाने, बसायला बाक, जेवायला मेज, न्हाणी, आणि एका भिंतीला लागून चिमुकला ओटा. ओट्यावर गॅसच्या शेगड्या, शेजारी परातीएवढी मोरी, खाली शीतकपाट. सगळे भातुकलीसारखे, पण खरे. अशा घराला तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक मोरी-न्हाणीच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. चांगल्या पाण्याच्या टाकीत चाळीस गॅलन, म्हणजे सुमारे दीडशे लिटर पाणी मावते, आणि त्याचेच वजन दीडशे किलो भरते. गाडीने एकूण किती ओझे न्यायचे याला मर्यादा असते, त्यामुळे तिथे प्रत्येक डब्याचा हिशेब करावा लागतो.

त्या फळीचे नियम मी दोन दिवसांत शिकले. काचेची बरणी घ्यायची नाही. जड ते खाली, हलके ते वर. दोन डबे एकमेकांना लागून ठेवायचे नाहीत, मध्ये फडके हवे; नाहीतर दहा दिवस कानाशी खडखडाट. कपाटाला खिट्टी लावल्यावाचून गाडी सुरू करायची नाही, आणि गाडी थांबल्यावर कपाट झटकन उघडायचे नाही, कारण वळणावर सरकलेला डबा दाराला टेकून तुमची वाटच पाहत असतो.

आपल्या जुन्या बायकांनी प्रवासाचा विचार किती बारकाईने केला होता हे मला त्या फळीने पहिल्यांदा समजावले. मेतकूट म्हणजे भाजून दळलेले. गरम भातावर घातले की जेवण झाले. थालीपिठाची भाजणीही भाजलेली. आधीच भाजून ठेवणे म्हणजे निम्मी चूल घरीच पेटवून निघणे. दशम्या पाण्याऐवजी दुधात भिजवायच्या. पाणी न लागलेले अन्न सोवळ्याच्या घरीही वाटेत चाले, आणि टिकेही. मी फळीवर मांडले ते असे: तांदूळ, मुगाची डाळ, जाड पोहे, रवा, भाजणी, मेतकूट, दाण्याचे कूट, आमसुले, गूळ, गोडा मसाला, तिखट, हळद, हिंग, मीठ, चहा, साखर, एक तेलाची आणि एक तुपाची बाटली. तुरीची डाळ मुलीने बाजूला काढली. आम्ही ब्राइस कॅन्यनला जाणार होतो. त्याचा माथा सुमारे आठ हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंच. तिथे पाणी ब्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. ते खळखळते, पण त्याच्या अंगात तूर शिजवण्याइतका ताप नसतो. म्हणून डाळ मुगाची आणि सोबत लहान कुकर.

इथवर आमचे जमले. अडले ते तांदळावर. मुलीने हिशेब केला: चौघे जण, दहा दिवस, दिवसातून एकदा भात, माणशी पंच्याहत्तर ग्रॅम, म्हणजे तीन किलो. मी पाच किलोंची पिशवी पुढे ओढली होती.

“अगं, वाटेत दुकानं आहेत.”

“आणि नाही मिळालं तर?”

“नाही मिळालं तर ब्रेड खाऊ, आई.”

मी तीन किलो तांदूळ डब्यात भरला. आणि मुलगी अंघोळीला गेल्यावर एक किलोची पुडी बांधून माझ्या शालीत गुंडाळून उशाशी ठेवली. सहासष्ट वर्षांच्या बाईने लेकीच्या घरात तांदूळ लपवला. नात बाजूलाच चित्र काढत बसली होती. ती नऊ वर्षांची. मला वाटले, तिचे लक्ष नाही.

‘नाही मिळाले तर?’ हा प्रश्न माझ्या अंगात कुठून आला ते मला ठाऊक आहे. १९७२ साली मी सोळा वर्षांची होते. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात. रेशनच्या दुकानात लाल मिलो मिळे. ती अमेरिकेतून आलेली ज्वारी, तिची भाकरी थापताना फाटायची आणि घशाखाली उतरायची नाही. आमच्या कोठीच्या खोलीत मात्र जुन्या ज्वारीची एक कणगी होती. वडिलांनी तिच्यापुढे गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. घरात खाणारी तोंडे सात.

एके दिवशी दुपारी शेजारच्या काकू आल्या. पदराखाली रिकामे मापटे होते; ते दिसू नये अशी त्यांची खटपट होती आणि ते दिसत होते. आई आत होती. तिने आवाज ओळखला, मला हाताने जवळ बोलावले आणि हळूच म्हणाली, “सांग, आई घरात नाही. आणि ज्वारी संपली म्हणावं.” मी बाहेर आले आणि तसे सांगितले. काकूंनी माझ्याकडे पाहिले, “बरं बाई,” म्हणाल्या आणि गेल्या. पंधरा दिवसांनी ते घर कुलूप लावून जगायला पुण्याकडे गेले. ते परत आले नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. कणगी उघडली तेव्हा खालच्या अर्ध्या ज्वारीला कीड लागून तिचे पीठ झाले होते. ते म्हशीला घातले.

आईला मी दोष देत नाही. पुढचा पाऊस येईल की नाही हे तिला कुणी सांगितले नव्हते. सात तोंडांची जबाबदारी असलेल्या बाईला न्याय शिकवायला मी कोण? पण शब्द माझ्या तोंडून गेले होते, आणि ते पन्नास वर्षे माझ्यापाशी राहिले. मी पुढे दुप्पट डबे भरणारी बाई झाले. लोक त्याला टापटीप म्हणत.

फिरत्या घराच्या खिडकीशी बसून तासन्‌तास वाळवंट पाहताना विचाराला दुसरा उद्योग नसतो. मला वैशालीच्या भिक्षूंची हकीकत आठवली. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला एक मोठी संगीती भरली. सातशे भिक्षू जमले. वज्जी देशातल्या भिक्षूंनी दहा सवलती घेतल्या होत्या, त्या धर्माला धरून आहेत की नाहीत हा वाद होता. त्यांतली पहिलीच सवलत अशी: भिक्षूने शिंगात थोडे मीठ भरून जवळ ठेवावे, अळणी भिक्षा मिळाली तर उपयोगी पडेल. चिमूटभर मीठ! संगीतीने ते नाकारले. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा निर्णय अगदी हटवादी वाटला होता. त्या खिडकीशी बसल्यावर तो मला कळू लागला. शिंगातले मीठ म्हणजे ‘नाही मिळाले तर?’ या प्रश्नाला दिलेली पहिली जागा. आज मीठ, उद्या तांदूळ, परवा कोठीची खोली, तेरवा त्या खोलीपुढे रचलेल्या गोवऱ्या.

पण हा विचार फार ताणला की तुटतो. भिक्षूचे शिंग रिकामे राहू शकते, कारण वैशालीतल्या कुठल्यातरी गृहिणीचे मडके भरलेले असते. साऱ्या गावाने साठवण सोडली तर भिक्षा घालणार कोण? साठवणे हे पाप म्हणावे तर संसारी माणसाने उभे राहायला जागाच उरत नाही.

आणि ज्या मुलुखातून आमची गाडी चालली होती, त्या अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास तर शिदोरीचाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हजारो कुटुंबे बैलगाड्यांत संसार घालून इकडे आली. तीही फिरती घरेच. १८४५ साली लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याने त्यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तक छापले. माणशी दोनशे पौंड पीठ, दीडशे पौंड खारवलेले डुकराचे मांस, दहा पौंड कॉफी, वीस पौंड साखर आणि दहा पौंड मीठ घ्यावे, असा त्याचा सल्ला होता. सल्ला शहाणपणाचा होता. पण त्याच हेस्टिंग्जने एक जवळची वाटही सुचवली होती. १८४६ साली डोनर आणि रीड या कुटुंबांचा तांडा तिच्या नादी लागला, उशीर झाला, आणि सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकून त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे गेली. तेव्हा ‘नाही मिळाले तर?’ हा प्रश्न काही भ्याडपणाचा नव्हे. तो न विचारणाऱ्याला बर्फ उत्तर देते.

उलट १८४९ साली सोन्याच्या मागे धावलेल्या गर्दीने इतके भरून घेतले की बैल कोसळू लागले. वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरॅमीपाशी लोकांनी मांसाचे ढीग, पिठाची पोती, पेट्या रस्त्याकडेला टाकून दिल्या. त्या तळाला ‘त्यागाचा तळ’ असे नावच पडले. त्या टाकण्याच्याही दोन तऱ्हा होत्या. काहींनी साखरेवर टर्पेंटाइन ओतले, पिठात माती कालवली, म्हणजे आपण टाकलेले मागून येणाऱ्याच्या तोंडी लागू नये. काहींनी मात्र ढिगावर चिठ्ठी ठेवली की ज्याला हवे त्याने न्यावे. ओझे दोघांचेही तेवढेच होते, आणि टाकावे दोघांनाही लागले. मी गाडीत बसल्या बसल्या मनाशी म्हटले, आपण दुसऱ्या जातीचे. शालीतली पुडी तेव्हा माझ्या उशाशीच होती.

चोवीस ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस. आम्ही ब्राइसजवळच्या तळावर होतो. दिवसभर लाल-केशरी सुळके पाहून डोळे भरून आले होते. संध्याकाळी थंडी अशी पडली की पाण्याची नळी रात्री गोठेल म्हणून जावयांनी ती सोडवून आत घेतली. मी ओट्यावर चांदीचा रुपया ठेवून पूजा केली. उघड्या ज्योतीचे भय म्हणून एकच निरांजन, तेही क्षणभर. पहिल्या दिवशी मी हिंगाची फोडणी दिली तेव्हा छताला लावलेले धूर हुंगणारे यंत्र असे किंचाळले होते की नात टॉवेल हलवून हलवून दमली. तेव्हापासून मी जपून होते. फराळाचा डबा उघडला. चकल्यांचा निम्मा चुरा झाला होता. आम्ही तो चमच्याने खाल्ला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर एक तरुण उभा होता, डोक्याला लोकरीची टोपी. तो बायको आणि लहान मुलासह पलीकडे तंबूत उतरला होता. मुलगा चार वर्षांचा. दुपारपासून पोट बिघडलेले, काही ठरत नव्हते. तळावरचे दुकान बंद झाले होते. आमच्याकडे थोडा साधा तांदूळ मिळेल का, एवढेच त्याचे विचारणे. पैसे देतो म्हणाला.

मुलीने वळून माझ्याकडे पाहिले, कारण फळी माझी होती. आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आत, मराठीतून शब्द गेले: “सांग, संपला म्हणावं.”

तोच शब्द, तोच हळू आवाज. मला वाटले माझ्या गळ्यातून आई बोलली. पण आई जाऊन वीस वर्षे झाली आहेत आणि गळा माझाच होता. आमच्या डब्यात तेव्हा दीड किलो तांदूळ होता. दुष्काळ नव्हता. सात तोंडे नव्हती. चार दिवसांनी आम्ही घरी पोचणार होतो आणि वाटेत, मुलगी म्हणाली होती तसा, ब्रेड होता.

मुलगी काही बोलली नाही. बोलली ती नात. “आजी, पण आहे ना! आणि तुझ्या शालीत आहे तो?”

ज्याला आपण संस्कार म्हणतो तो असा होतो. कुणीतरी दाराशी येते, मोठे माणूस हळूच काहीतरी सांगते, आणि बाजूला एक मूल उभे असते. माझ्या वेळी मी उभी होते आणि मी निरोप पोचवला. नातीने पोचवला नाही. मी उठले, आणि खरे सांगते, तिच्याकडे पाहायचा मला धीर झाला नाही.

त्या तरुणाला आत बसवले. कुकरमध्ये तांदूळ आणि मूठभर मुगाची डाळ घालून पाणी जास्त ठेवून अगदी गुरगुट्या भात केला, मिठाशिवाय दुसरे काही घातले नाही. पातेल्याला फडके बांधून दिले. शालीतली पुडी सोडून तीही दिली, सकाळसाठी. “पैसे नकोत,” असे मुलीने सांगितले.

सकाळी पातेले परत आले, स्वच्छ घासलेले. मुलगा रात्री झोपला म्हणे. तरुणाने दोनदा आभार मानले आणि तो गेला. मी झाकण उचलून आत पाहिले. पातेले रिकामे होते. आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे तरी घालतात. मी कशाची वाट पाहत होते हे तेव्हा माझ्या ध्यानात आले, आणि मी एकटीच हसले. रात्री दिलेला भात मी सकाळी वसूल करायला निघाले होते.

या साऱ्यातून मी फार मोठे काही मिळवले असे म्हणणार नाही. दीड किलो तांदूळ जवळ असताना एक पातेले भात दिला. त्याची मला काडीची तोशीस पडली नाही. काकूंचे रिकामे मापटे त्याने भरत नाही. ते भरायचे होते तेव्हा भरले नाही, आणि आता ते भरण्याची सोय नाही. दुष्काळात, सात तोंडे असताना, मी आईच्या जागी असते तर काय केले असते हेही त्या रात्रीने सिद्ध झाले नाही. मुबलक असतानाही माझ्या तोंडात पहिला शब्द कोणता येतो, तेवढे मात्र कळले.

पण एक गोष्ट आठवली, आणि ती लिहावी म्हणूनच हा खटाटोप. हीच माझी आई, चांगल्या सालात, रोज तांदूळ किंवा पीठ मापून घेतल्यावर वर एक मूठ टाकायची. “कोणी आलं तर,” म्हणायची. कोणी आले नाही तर ती मूठ संध्याकाळी फोडणीच्या भाताला किंवा गाईला जाई. मूठ कधी चुकली नाही. बहात्तर साली तिने पहिल्यांदा ती मूठ टाकायचे थांबवले. कणगी गोवऱ्यांआड गेली ती त्यानंतर.

‘नाही मिळाले तर?’ आणि ‘कोणी आले तर?’ हे दोन्ही प्रश्न माणसाला मापापेक्षा जास्त भरायला लावतात. बाहेरून पाहणाऱ्याला फळी सारखीच दिसते. संगीतीतल्या त्या सातशे जणांनाही शिंगातले मीठ पाहून ते कोणासाठी आहे हे ओळखता आले नसते. म्हणून त्यांनी ते सरसकट बंद केले असेल. आपल्या संसारी माणसांना ते सरसकट बंद करता येत नाही. आपल्याला भरावे तर लागणारच. मग निदान भरताना कोणता प्रश्न मनात आहे हे ज्याचे त्याने पाहावे. कारण पहिल्या प्रश्नाने भरलेल्या डब्याला तळ नसतो, त्यात कितीही घातले तरी भीती उरतेच. दुसऱ्या प्रश्नाला एक मूठ पुरते.

परत आल्यापासून मी एक बदल केला आहे. आई मापून झाल्यावर मूठ टाकायची. मी आधी मूठ टाकते आणि मग माप घेते. शेवटी टाकायची म्हटले तर अडचणीच्या दिवशी ती पहिल्यांदा गळते, हे मी पाहिले आहे. आधी टाकली की ती हिशेबातच येते.

यंदाच्या फराळाचे डबे भरताना माझा हात पुन्हा नेहमीसारखा पुढे गेला. सवय पन्नास वर्षांची आहे, एका प्रवासाने जात नाही. लाडू वळता वळता मी फोनवर मुलीला म्हटले, “शंभर करते, कमी पडले तर?” पलीकडून नातीचा आवाज आला, “आजी, कोणासाठी?”

मी तिला नावे सांगायला सुरुवात केली. साठ लाडूंपर्यंत नावे पुरली. तेवढेच केले, आणि एक जास्त.